अंतराळात हातांची ताकद: तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण हातांचे असतात: मोडलेली मनगटं, जखडलेली बोटं, पक्षाघातानंतर उघडेनाशी झालेली मूठ. जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला अवकाश स्थानकावरून परतले तेव्हापासून शाळकरी मुलं, त्यांचे पालक आणि काही शिक्षक मला अंतराळवीरांच्या हातांबद्दल विचारत आहेत. तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, पुढे जरा गुंतागुंतीचे. ज्याला जो हवा त्याने तो वाचावा.

१. वर गुरुत्वाकर्षणच नसतं ना? म्हणून तरंगतात ना सगळे?

नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं, आणि तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतं. तरीही सगळं तरंगतं, कारण स्थानक आणि त्यातली माणसं सतत एकत्रच खाली पडत असतात. ताशी सुमारे २८,००० किलोमीटर इतक्या वेगाने पुढे जात असल्यामुळे ती जमिनीवर आदळत नाहीत, पृथ्वीभोवती फिरत राहतात. स्नायूंच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की शरीर कशावरही टेकलेलं नसतं. पायाखाली दाब नाही, खांद्यावर हाताचा भार नाही. झोपलेल्या अंतराळवीराचे हात आपोआप वर येऊन छातीसमोर तरंगत राहतात, कोपरात थोडे वाकलेले.

२. हाताची ताकद खरंच कमी होते का? पायांपेक्षा जास्त की कमी?

कमी होते, पण पायांच्या मानाने बरीच कमी. पहिला खणखणीत पुरावा १९७३-७४ मधल्या स्कायलॅब या अमेरिकन स्थानकावरून मिळाला. तिथे तीन तुकड्या राहिल्या, अनुक्रमे २८, ५९ आणि ८४ दिवस. पहिल्या तुकडीकडे व्यायामाला फक्त एक सायकल होती. ते परतले तेव्हा गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंची ताकद सुमारे पाव भागाने घटली होती. हातांचीही घटली होती, पण त्याहून कमी.

त्याच तुकडीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कमांडर पीट कॉनरॅड सायकलचं पेडल पायांनी मारायचेच, शिवाय हातांनीही फिरवायचे. बाकीच्या दोघांनी तसं केलं नाही. परतल्यावर कॉनरॅड यांच्या कोपर सरळ करणाऱ्या स्नायूंची ताकद घटलेली नव्हती. हे मोजमाप करणारे विल्यम थॉर्नटन यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष आम्ही आजही रुग्णांना सांगतो: स्नायूला जेवढ्या जोराचं काम पुढे करायचं आहे, जवळपास तेवढ्या जोराचं काम त्याला आधीपासून देत राहावं लागतं. नुसती हालचाल पुरत नाही.

३. पण मग पायांचंच एवढं नुकसान का? हात काय वेगळे असतात?

दोन कारणं आहेत.

पहिलं: पोटरी, मांडी, पाठ आणि मानेचे काही स्नायू पृथ्वीवर दिवसभर न थांबता गुरुत्वाकर्षणाशी झुंजत असतात. तुम्ही बसस्टॉपवर नुसते उभे असता तेव्हाही पोटरीतला खोलवरचा सोलियस नावाचा स्नायू राबत असतो. अंतराळात त्याचं काम एका दिवसात बंद होतं. हातांना असं अखंड ओझं पृथ्वीवरही नसतं. ते उचलतात, ठेवतात, मग विसावतात. ज्याची नोकरीच दिवसातून थोडा वेळ होती, त्याची नोकरी गेली तरी फरक कमीच पडणार.

दुसरं कारण मला जास्त आवडतं: वर हात पायांचं काम करतात. स्थानकात चालणं नसतं. भिंतींवर निळ्या कठड्यांसारख्या दांड्या बसवलेल्या असतात, त्यांना धरून, ढकलून, अलगद थांबवून माणूस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो. पाय फक्त दांडीखाली अडकवून ठेवायला लागतात. काही महिन्यांनी अंतराळवीरांच्या तळपायाचे घट्टे गळून तिथली त्वचा बाळाच्या पायासारखी मऊ होते, आणि दांडीला घासून पायाच्या वरच्या बाजूला नवे घट्टे उठतात. एकूण शरीराचा कारभार कसा उलटा झाला आहे ते इथे डोळ्यांनी दिसतं.

४. 'पकडीची ताकद' म्हणजे नेमकी कुठल्या स्नायूंची? बोटांच्या?

बोटांमध्ये स्नायू नसतात, हे ऐकून माझ्याकडे येणारा प्रत्येक विद्यार्थी चमकतो. आत्ता करून पाहा. उजव्या हाताचा कोपर आणि मनगट यांच्या मधला भाग डाव्या हाताने धरा आणि उजवी मूठ आवळा-सोडा. हाताखाली जे फुगतं आणि सैल पडतं, तेच बोटं मिटणारे मुख्य स्नायू. त्यांच्या दोरीसारख्या कंडरा मनगटातून जाऊन बोटांना जोडलेल्या असतात, कठपुतळीच्या दोऱ्यांसारख्या. तळहातात छोटे स्नायू असतात, ते बारीक कामाचे: सुईत दोरा ओवणं, बटण लावणं.

मोजायला डायनॅमोमीटर वापरतात. हँडल मुठीत धरून जिवाच्या आकांताने दाबायचं, काट्यावर किलोमध्ये आकडा येतो. आमच्या दवाखान्यात टेबलावर असतो तोच प्रकार. मात्र 'एकदा किती जोरात दाबता आलं' आणि 'तो जोर किती वेळ टिकला' ही दोन वेगळी मापं आहेत. अंतराळात दुसरं जास्त कामाचं. का, ते प्रश्न ७ मध्ये.

५. वजनच नसेल तर एक टनाचा खोका एका बोटाने ढकलता येईल का?

हलवता येईल, पण हळूहळू. वजन नाहीसं होतं, वस्तुमान होत नाही. खोका स्थिर असेल तर त्याला चालतं करायला जोर लागतो, आणि चालायला लागला की थांबवायलाही तेवढाच जोर लागतो. एका बोटाने तुम्ही त्याला गोगलगायीच्या वेगाने सरकवू शकाल. घाईत ढकललंत तर मात्र समोरच्या भिंतीपाशी तो थांबवताना मनगटाची खैर नाही. म्हणून अंतराळवीर मोठ्या वस्तू अतिशय संथपणे हलवतात. बघणाऱ्याला तो आळस वाटतो, पण हातांना धक्का न देण्याचा हा सर्वांत शहाणा मार्ग आहे.

६. वजन नसताना डंबेल्स उचलून काय उपयोग? मग ते व्यायाम कसा करतात?

डंबेल्स खरंच निरुपयोगी, ते हातात तरंगतील. म्हणून स्थानकावर ॲरेड नावाचं यंत्र आहे. ते नोव्हेंबर २००८ मध्ये एंडेव्हर यानाने नेलं. त्यात हवा काढून घेतलेले दोन सिलिंडर असतात. दांडा ओढला की सिलिंडरमधला दट्ट्या बाहेर खेचला जातो आणि आतली निर्वात पोकळी त्याला मागे ओढते. सुई नसलेल्या सिरिंजचं तोंड बोटाने बंद करून दट्ट्या बाहेर ओढून पाहिलात तर हीच ओढ जाणवेल. यात २७२ किलोपर्यंतचा रोध लावता येतो. आधीच्या यंत्रात याच्या निम्माच मिळायचा. बैठका, पाठीचे व्यायाम, खांद्यावरून दांडा वर ढकलणं, दंडाची बेटकुळी काढणारे व्यायाम, सगळं त्याच्यावर होतं. शिवाय धावपट्टी आणि सायकल आहे. तयारी धरून रोज सुमारे अडीच तास यासाठी राखलेले असतात.

एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. पृथ्वीवर बैठक मारताना तुम्ही दांड्याबरोबर स्वतःचं शरीरही उचलता. वर शरीराचं वजन नसतं, म्हणून पायांच्या व्यायामात ते यंत्रावर वेगळं वाढवून लावावं लागतं. दंडाच्या व्यायामात हा प्रश्न फारसा येत नाही. हातांची ताकद राखणं सोपं जातं, त्यामागे हेही एक कारण आहे.

सुनीता विल्यम्स यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये स्थानकावरच ट्रायथलॉन पूर्ण केली. सायकल आणि धावणं यांची सोय होती, पण पोहणार कुठे? पोहण्याचा भाग त्यांनी ॲरेडवर केला, म्हणजे त्या शर्यतीत हातांना काम या यंत्राने दिलं.

७. हात एवढे टिकून राहत असतील, तर स्पेसवॉक (पोशाख घालून यानाबाहेर केलेलं काम) करून आलेले अंतराळवीर हात गळून गेल्याचं का सांगतात?

कारण तिथे स्नायूची गाठ वजनहीनतेशी नसते, हातमोज्याशी असते. बाहेर निर्वात पोकळी. अमेरिकन पोशाखाच्या आत शुद्ध ऑक्सिजन भरलेला असतो, त्याचा दाब ४.३ पीएसआय, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा कमी. रशियन ऑरलान पोशाखात तो आणखी जास्त, ५.८ पीएसआय. आकडा छोटा दिसतो, पण बाहेर काहीच नसल्यामुळे मोजा आतून फुगतो आणि ताठ होतो.

स्कूटरची फुगवलेली ट्यूब वाकवून पाहा. वाकते, पण सोडली की सरळ होते. तुम्ही जेव्हा ती वाकवता तेव्हा आतल्या हवेला कमी जागेत कोंबत असता, आणि त्यासाठी जोर लावावा लागतो. हातमोज्याचं प्रत्येक बोट म्हणजे अशी छोटी ट्यूब. पृथ्वीवर हातोडी धरताना तुम्ही हातोडीपुरता जोर लावता. तिथे आधी मोजा वाकवायचा, मग हातोडी धरायची, आणि धरून ठेवेपर्यंत मोज्याशी कुस्ती चालूच. मूठ सैल केली की मोजा आपणहून उघडतो. उघड्या हाताने जेवढी पकड येते, ती अशा मोज्यात साधारण निम्म्यावर येते.

आणि हे किती वेळ? एक स्पेसवॉक सहा-साडेसहा तास चालतो. तेवढ्या वेळात हजारो वेळा मूठ आवळायची. पाय बाहेर फारसे कामाचे नसतात, म्हणून पुढे सरकणं, स्वतःला धरून ठेवणं आणि दुरुस्तीचं काम हे सगळं त्याच दोन हातांनी. सुनीता विल्यम्स यांनी नऊ स्पेसवॉकमध्ये मिळून ६२ तासांहून जास्त वेळ असं काम केलं आहे. माझ्या डोळ्यांसमोर त्यांच्या कोपराखालचे स्नायू येतात आणि मनापासून आदर वाटतो.

पहिला धडा अलेक्सी लिओनोव्ह यांना मिळाला, १८ मार्च १९६५ रोजी, माणसाच्या पहिल्याच स्पेसवॉकमध्ये. पोशाख इतका फुगला की त्यांची बोटं मोज्याच्या टोकांपासून मागे सरली. परत आत शिरण्यासाठी त्यांना पोशाखातला दाब कमी करावा लागला. बाहेर ते जेमतेम १२ मिनिटं होते.

तेव्हापासून मोजे खूप सुधारले, तरी समाधानकारक झालेले नाहीत. नासाने खुली स्पर्धा ठेवली, आणि २००७ मध्ये पीटर होमर या अमेरिकेच्या मेन राज्यातल्या इंजिनिअरने घरी शिवलेल्या मोज्यांसाठी २ लाख डॉलरचं बक्षीस जिंकलं.

८. नखं निघून येतात हे खरं आहे का?

हो. मोज्यात बोटांची टोकं सतत दाबली जातात, घासली जातात, आत ओल असते. नख खालच्या मांसापासून सुटतं. पोशाख घालून केलेल्या सरावात आणि स्पेसवॉकमध्ये होणाऱ्या इजांत हातांच्या इजा सर्वांत जास्त असतात, आणि नखांची तक्रार त्यात ठळक आहे. ताकदीशी संबंध असा, की दुखणाऱ्या बोटाने कोणीही पूर्ण जोर लावत नाही. मेंदू लावूच देत नाही. माझ्या रुग्णांमध्ये हे रोज दिसतं: स्नायू शाबूत असतो, पण काट्यावरचा आकडा अर्धा येतो.

मोजा फाटण्याचा धोका वेगळा. ऑगस्ट २००७ मध्ये एका अंतराळवीराच्या मोज्याच्या अंगठ्यावर छेद दिसला आणि त्यांना काम अर्ध्यावर सोडून आत बोलावलं गेलं. हवा गळत नव्हती, पण अशा ठिकाणी कोणी वाट पाहत बसत नाही.

९. शुभांशू शुक्लांना परतल्यावर मोबाइल जड वाटला म्हणे. अठरा दिवसांत हात इतके दुबळे झाले?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा आला आहे. उत्तर: नाही, हात दुबळे झाले नव्हते. मेंदूचा हिशेब बदलला होता.

आपण वस्तू उचलण्याआधीच मेंदू तिच्या वजनाचा अंदाज बांधतो आणि तेवढा जोर स्नायूंना पाठवतो. दुधाची पिशवी भरलेली समजून रिकामी उचललीत तर हात उडतो, तो याच अंदाजामुळे. वर गेल्यावर पहिले काही दिवस अंतराळवीरांचा हात नेम चुकवतो, वस्तूच्या वर जातो, कारण हाताचं स्वतःचं वजन गृहीत धरलेलं असतं आणि ते तिथे नसतं. मग मेंदू शिकतो. परतल्यावर नेमका उलटा गोंधळ होतो. मोबाइल तेवढाच जड असतो, पण मेंदूने 'वजन शून्य' असं धरलेलं असतं. शुक्लांनी असंही सांगितलं, की लॅपटॉप बाजूला हवेत सोडावा तसा त्यांनी सोडला, आणि तो खाली पडला. ही दुबळेपणाची खूण नाही. अठरा दिवसांत मेंदू तिकडचा होऊन गेला होता, एवढाच तिचा अर्थ. काही दिवसांत हिशेब पुन्हा जुळतो.

१०. मग थोड्या दिवसांच्या मोहिमेत स्नायूंना काहीच होत नाही?

तसंही नाही. जून १९७० मध्ये सोयुझ-९ या सोव्हिएत यानातले आंद्रियान निकोलायेव्ह आणि व्हिताली सेवास्त्यानोव्ह जवळपास अठराच दिवस वर होते. इवल्याशा यानात हालचालीला जागा नव्हती. उतरल्यावर त्यांना नीट उभंही राहता येईना. या अनुभवानंतर सोव्हिएत मोहिमांत व्यायामाकडे फार गांभीर्याने पाहिलं जाऊ लागलं. म्हणजे दिवस तेवढेच, पण जागा आणि पुरेसा व्यायाम असणं-नसणं यामुळे परिणाम किती बदलतो पाहा. दोन्ही वेळा खरी झळ पायांना आणि तोल सांभाळण्याला बसली. हात तेव्हाही त्या मानाने सुस्थितीत होते, कारण प्रश्न ३ मध्ये आहे.

राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये सॅल्यूत-७ या सोव्हिएत स्थानकावरच्या मोहिमेत जवळपास आठ दिवस अंतराळात होते, आणि त्यांनी तिथे योगासनांचा प्रयोग केला होता. पुण्याच्या वाचकांसाठी: शर्मा आणि शुक्ला दोघेही खडकवासल्याच्या एनडीएत घडले.

११. याचा अभ्यास जमिनीवर बसून कसा करतात?

पायांसाठी स्वयंसेवकांना डोकं ६ अंश खाली ठेवून आठवडेच्या आठवडे अंथरुणावर झोपवतात. जर्मनीत कोलोनला आणि फ्रान्समध्ये तुलूझला असे प्रयोग चालतात. पण हातांसाठी ही पद्धत अपुरी आहे. अंथरुणावरचा माणूस जेवतो, पुस्तक धरतो, कूस बदलताना कोपरावर भार देतो, आणि हाताचं वजन हातालाच पेलावं लागतं.

मोज्यांचा सराव ह्यूस्टनच्या ६२ मीटर लांब आणि १२ मीटर खोल तलावात होतो. तिथे मोज्याचा ताठरपणा अगदी खरा असतो. पाण्याचा अडथळा मात्र खोटा, आणि पोशाखाच्या आत गुरुत्वाकर्षण तसंच असतं: उलटं झालं की खांदे पोशाखाच्या कडांवर टेकतात. खांद्याच्या बऱ्याच दुखापती वर न होता या तलावातल्या सरावातच होतात.

१२. चंद्रावर तर थोडं वजन असतं. तिथे हात सुखात असतील?

उलट. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सहाव्या भागाचं असलं तरी मोजा तेवढाच फुगलेला असतो. १९७१ मध्ये अपोलो-१५ च्या डेव्हिड स्कॉट यांना जमिनीत ड्रिल घुसवून नमुने काढायचे होते. बोटांच्या टोकांचं चांगलं नियंत्रण मिळावं म्हणून मोजे घट्ट बसवलेले होते, आणि त्यांची नखं दुखावून काळी पडली.

१३. माझ्या आईचा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. अंतराळवीरासारखंच झालं म्हणायचं का?

त्यापेक्षा वाईट. प्लास्टरमध्ये स्नायू, सांधा, कंडरा सगळंच बंद. अंतराळवीराचा हात भार गमावतो, हालचाल गमावत नाही. प्लास्टर कापल्यावर हात बारीक, कोरडा आणि परका दिसतो. पंचाहत्तरीच्या एका आजींनी तो पाहून मला विचारलं होतं, 'हा माझाच ना गं?' उपचाराचं तत्त्व मात्र एकच, प्रश्न २ मधलं: हळूहळू वाढता भार. ओला रुमाल पिळणं, कणीक मळणं, बरणीचं झाकण फिरवणं. किती आणि कधी, ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

१४. व्यायामाऐवजी एखादी गोळी निघणार नाही का?

शोध चालू आहे. शुक्लांनी नेलेल्या प्रयोगांपैकी एक बंगळुरूच्या इन्स्टेम संस्थेचा होता. स्नायूंच्या मूळ पेशी वजनहीनतेत कशा वाढतात, आणि पेशीच्या ऊर्जेला मदत करणारे पूरक पदार्थ दिले तर त्यांना फायदा होतो का, हे त्यात पाहायचं होतं. तो प्रयोग त्यांनी हात घालायला मोजे बसवलेल्या बंद पेटीत केला. वार्धक्याने किंवा आजाराने झिजणाऱ्या स्नायूंसाठी यातून काही हाती लागलं तर माझ्या दवाखान्यातल्या माणसांना त्याचा उपयोग होईल, म्हणून माझं त्याकडे लक्ष आहे. तूर्त ॲरेडला पर्याय नाही.

१५. वर पंजा लढवला तर कोण जिंकेल? (सातवीतल्या एका मुलाचा प्रश्न)

तसेच तरंगत लढवला तर कोणीच नाही. तू त्याचा हात डावीकडे वळवशील आणि तू स्वतः उलटा फिरशील. चाकाच्या दोन खुर्च्यांवर समोरासमोर बसून, पाय उचलून, एकमेकांचे तळवे ढकलून पाहा, म्हणजे कळेल.

हे सर्वांत महाग पडलं यूजीन सर्नन यांना, जून १९६६ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी-९ए मोहिमेतल्या स्पेसवॉकमध्ये. धरायला आणि पाय रोवायला पुरेशी जागाच नव्हती. काही करायला जावं तर शरीर भलतीकडे फिरायचं, आणि सगळी ताकद स्वतःला स्थिर ठेवण्यात जायची. ते घामाने निथळले, शिरस्त्राणाची काच आतून धुरकटली, काम सोडावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेमिनी-१२ मधून बझ ऑल्ड्रिन बाहेर पडले. त्यांनी आधी पाण्याखाली सराव केला होता आणि यानावर पाय अडकवायला खाचा बसवलेल्या होत्या. त्यांनी नट-बोल्ट आवळले-सोडले, आणि दमले नाहीत.

तेव्हा पंजा लढवायचाच असेल तर आधी दोघांनीही पाय दांडीखाली घट्ट अडकवा. मग ज्याचा दंड जोरकस तो जिंकेल, अगदी तुमच्या वर्गातल्यासारखा.